जिनिंग कारखान्यासाठी अग्निशमन यंत्रणेची निवड
(भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निसुरक्षेचा प्रचार करण्यात येतो. याच तारखेची निवड का झाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाजातील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. ही घटना लोकांच्या स्मरणात राहिली ती स्फोटामुळे. परंतु जहाजाच्या ज्या कोठारात आग धुमसत होती, त्याच कोठारात कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या कोठारात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतण्यात आले. तरीही दाट धुरामुळे आगीचे नेमके मूळ सापडले नाही. पाणी भरपूर होते, पंप होते, अनुभवी माणसे होती. कापसाची आग मात्र हाती लागली नाही.

विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा या भागांत कापूस हा शेतकऱ्याचा पैसा आहे आणि जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना हा तालुक्याच्या गावातला, पुष्कळदा एकमेव म्हणावा असा, मोठा धंदा आहे. दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत या कारखान्यांच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात. रेच्यांवर सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि शेकडो स्त्री-पुरुष मजुरांना त्यात काम मिळते. अशा कारखान्यात आग लागते तेव्हा ती एकट्या मालकाचे नुकसान करीत नाही. मापून टाकलेला पण पैसे मिळावयाचे बाकी असलेला शेतकऱ्यांचा माल त्यात असतो, मजुरांचा हंगाम त्यात असतो, आणि रात्रपाळीला यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांचे प्राणही त्यात असतात. सबब अशा कारखान्यासाठी अग्निशमन यंत्रणा निवडावयाची ती कशी, हा प्रश्न मालकाइतकाच गावाचाही आहे.

सर्वसाधारणपणे निवड होते ती अशी. परवान्याची वा विम्याची वेळ येते. मालक तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणच्या विक्रेत्यास बोलावतो. विक्रेता आवारातून एक फेरी मारतो आणि लाल रंगाची पंधरा-वीस नळकांडी भिंतींवर टांगून जातो. त्यांतील बहुतेक कोरड्या रासायनिक पुडीची असतात, कारण ती तुलनेने स्वस्त असतात, बाळगण्यास सोपी असतात आणि ‘सर्व प्रकारच्या आगींसाठी’ असे त्यांच्यावर छापलेले असते. बाहेर वाळूच्या बादल्यांची एक रांग लागते. कागदपत्रे पुरी होतात. येथे काय जळणार आहे आणि ते कसे जळणार आहे, हा सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो.

सुटी रुई जळते ती दोन प्रकारे. आरंभी ज्वाला पृष्ठभागावरून धावते. रुईच्या ढिगावरून ती इतक्या वेगाने जाते की पाहणाऱ्यास ढीग एकदम पेटल्यासारखा वाटतो. ही ज्वाला काही क्षणांत ओसरते आणि मग आग आत शिरते. कापसाच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते, तेवढी हवा धुमसण्यास पुरते. वरून राख व काळा थर दिसतो, धूर थोडा येतो आणि आत विस्तव चालत राहतो. गाठीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. एखादी ठिणगी रुईबरोबर दाबयंत्रात गेली आणि गाठ बांधली गेली, तर ती गाठ बाहेरून थंड, स्वच्छ आणि निर्दोष दिसते. वजन करून, शिक्का मारून ती गुदामात रचली जाते आणि एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, तिच्यातून धूर निघू लागतो. तोवर तिच्या चहूबाजूंना आणखी शेकडो गाठी रचल्या गेलेल्या असतात.

आता अशा आगीवर पुडीचे नळकांडे चालविले तर काय होईल, याचा विचार करावा. सहा किलोचे नळकांडे साधारणपणे पंधरा ते वीस सेकंदांत रिकामे होते. पुडीमुळे वरची ज्वाला खरोखरच विझते आणि विझविणाऱ्यास समाधान वाटते. परंतु पूड आतल्या तंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि थंडावा तर मुळीच देत नाही. काही मिनिटांनी त्याच जागी पुन्हा ज्वाला उठते, तेव्हा नळकांडे संपलेले असते. दुसरी अडचण याहून वाईट आहे. नळकांड्यातून पूड मोठ्या दाबाने बाहेर पडते. समोर सुटी रुई असेल तर तो झोत जळते पुंजके उडवून दहा-पंधरा फुटांवर नेऊन टाकतो. एका ठिकाणची आग चार ठिकाणी लावण्याचे काम अशा वेळी अग्निशामकच करतो. कार्बन डायॉक्साइडच्या नळकांड्याची गोष्ट निराळी नाही. वायू हवेत विरून जातो, विस्तव मागे राहतो.

कापसाच्या आगीवर इलाज पाण्याचा. ही काही नवी गोष्ट नव्हे. गावातील कोणताही वयस्क माणूस हेच सांगेल. परंतु पाणी कोणत्या रूपात, किती आणि कोणत्या शक्तीने, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात आणि यंत्रणेची खरी निवड म्हणजे या उत्तरांची निवड होय.

पाण्याचे रूप पाहू. सरळ धारेचा मोठा झोत सुट्या रुईवर मारला तर तोही पुडीप्रमाणेच पुंजके उडवितो. म्हणून नळ्याच्या टोकाची तोटी अशी असावी की जिच्यातून हवा तेव्हा फवारा आणि हवी तेव्हा धार निघेल. सुट्या रुईवर फवारा, आणि ढीग फोडून आतला विस्तव विझविताना धार, असा तिचा उपयोग व्हावा. दुसरी गोष्ट कापसाच्या स्वभावाची आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी त्यावरून ओघळून जाते. औषधाच्या दुकानातला कापूस चटकन पाणी पितो, कारण त्याचे मेण काढून टाकलेले असते. कारखान्यातील रुई तशी नव्हे. यासाठी पाण्यात ओलावा मुरविणारे द्रव्य मिसळण्याची सोय करता येते. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते आणि तेच पाणी ढिगात खोलवर जाते. पाणी कमी असलेल्या प्रदेशात हा किरकोळ फायदा नव्हे, आणि तरीही विक्रेत्याच्या यादीत ही गोष्ट क्वचितच आढळते.

पाणी किती, याचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. एक मोठा नळा मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडतो असे धरले, तर दोन नळे तासाभरात ५४,००० लिटर पाणी वापरतात. नगरपालिकेच्या साध्या बंबाच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी असते. म्हणजे एका नळ्याला ते दहा मिनिटे पुरते. बंब पंचवीस-तीस किलोमीटरवरून येणार असेल तर तो पोहोचण्यास पाऊण तास धरावा लागेल. तेव्हा पहिला पाऊण तास कारखान्याने स्वतःच्या पाण्यावर काढावयाचा आहे आणि नंतर आलेल्या बंबालाही पाणी पुरवावयाचे आहे, हे ओघानेच आले. छपरावरची पाच हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी या कामी कुचकामाची आहे. जमिनीतील पक्की टाकी हवी, ती केवळ आगीसाठी राखून ठेवलेली हवी. पिण्याचे वा बांधकामाचे पाणी त्याच टाकीतून घ्यावयाचे असेल तर त्याचा नळ इतक्या उंचीवर बसवावा की आगीचा साठा त्याच्या खाली कायम राहील. विंधनविहिरीच्या भरवशावर राहणे धोक्याचे. हंगाम संपत आल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, विहिरींचे पाणी खाली जाते, आणि नेमक्या त्याच वेळी गुदामात गाठींचा व सरकीचा साठा शिल्लक असतो.

तिसरा प्रश्न शक्तीचा, आणि येथे अनेक चांगल्या यंत्रणा निकामी ठरतात. आग लागली की पहिले काम म्हणून कोणीतरी धावत जाऊन मुख्य खटका बंद करतो. ते योग्यच आहे. वाहत्या विजेवर पाणी मारणे म्हणजे स्वतःच्या जिवावर उदार होणे. परंतु पंपाची वीज त्याच खटक्यातून आलेली असेल तर खटक्याबरोबर पंपही बंद पडतो. मग पन्नास हजार लिटरची भरलेली टाकी आणि जागोजाग बसविलेले नळे यांच्याकडे पाहत उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही. पंपाची वीजजोडणी मुख्य खटक्याच्या अलीकडून, स्वतंत्रपणे घ्यावी, आणि तिच्या जोडीला डिझेलवर चालणारा पंप ठेवावा. ग्रामीण भागात, जेथे वीज केव्हाही जाऊ शकते तेथे, दोहोंपैकी एकच परवडत असेल तर डिझेल पंपच घ्यावा. तो आठवड्यातून एकदा चालवून पाहावा. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाची बॅटरी नको त्या वेळी दगा देते, हे ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

स्वयंचलित तुषार यंत्रणा, म्हणजे स्प्रिंकलर, बसवावी काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. हे नाव ऐकून शेतातील तुषार सिंचन डोळ्यांसमोर येते आणि एक गैरसमज होतो. कोठे जरा धूर झाला की सगळ्या छपरातून पाणी कोसळेल आणि सगळा माल भिजेल, अशी भीती मालकांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. अमेरिकेत न्यू हेवन येथील पियानोचे कारखानदार हेन्री पार्मली यांनी आपल्या कारखान्याच्या रक्षणासाठी १८७४ मध्ये अशा तोटीचे पेटंट घेतले. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु तत्त्व तेच राहिले. प्रत्येक तोटी उष्णतेने स्वतंत्रपणे उघडते. आजच्या तोटीत द्रव भरलेली काचेची लहान कुपी असते. लाल द्रवाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच तोटीतून पाणी येते. धुराने ती उघडत नाही, आणि एक उघडली म्हणून शेजारची उघडत नाही. बांधलेल्या गाठींच्या गुदामासाठी आणि रेच्यांतून निघालेली सुटी रुई जेथे साठते त्या खोलीसाठी ही यंत्रणा उत्तम होय, कारण रात्री दोन वाजता तेथे माणूस असो वा नसो, ती आपले काम करते. मात्र उघड्या आवारातील गंज्यांना तिचा उपयोग नाही. पत्र्याचे छत फार उंच असेल तर उष्णता वर पोहोचेपर्यंत आग हाताबाहेर गेलेली असते. अशा ठिकाणी तोट्या कोठे व किती अंतरावर बसवावयाच्या हे तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. शिवाय जिनिंगमध्ये उडणारी फुटी रुई तोट्यांवर बसते. तिचा थर जमला की कुपीला उष्णता उशिरा लागते. तोट्या नियमाने झाडण्याचे काम कोणाकडे तरी नेमून दिले पाहिजे.

आवारासाठी भिंतीलगत फिरविलेली दाबाखालील जलवाहिनी आणि ठराविक अंतरांवर नळे जोडण्याच्या तोट्या, हाच मार्ग आहे. येथे एक बारीकशी गोष्ट नोंदवावीशी वाटते. या तोट्यांचे जोड ६३ मिलिमीटरचे प्रमाणित असावेत आणि ते नजीकच्या नगरपालिकेच्या बंबावरील नळ्यांना बसतात की नाही, हे एकदा प्रत्यक्ष लावून पाहावे. विजोड जोडामुळे बंब दारात उभा आणि पाणी टाकीत, अशी वेळ येता कामा नये.

आता आग विझविण्याच्या आधीच्या एका टप्प्याविषयी. जिनिंगमधील पुष्कळशा ठिणग्या कापसातून आलेल्या खड्यांमुळे, खिळ्यांमुळे, तारेच्या तुकड्यांमुळे उत्पन्न होतात. फिरत्या दात्यांवर हा तुकडा आपटतो, ठिणगी पडते आणि हवेच्या नळीतून ती रुईबरोबर पुढे जाते. म्हणून कापूस आत घेण्याच्या तोंडाशीच लोहचुंबक आणि खडे वेगळे करणारा सापळा बसविणे ही यंत्रणेतील सर्वांत किफायतशीर बाब होय. मोठ्या कारखान्यांनी त्यापुढे जाऊन हवेच्या नळीत ठिणगी ओळखणारी उपकरणे बसवावीत. ती ठिणगीचा प्रकाश वा उष्णता ओळखून झडप फिरवितात आणि तेवढी रुई दाबयंत्राकडे न जाता बाहेर पडते. धुमसणारी गाठ तयारच होऊ नये, याचा हा खात्रीचा उपाय आहे. शाफ्टला गुंडाळलेली रुई, वंगणावाचून तापलेले बेअरिंग, गंजीपर्यंत थेट येणारा ट्रॅक्टर आणि बिडी ही कारणे जुनीच आहेत. त्यांना उपकरण लागत नाही, देखरेख लागते.

याचा अर्थ पुडीची आणि वायूची नळकांडी टाकून द्यावीत असा नव्हे. एकाच कारखान्यात निरनिराळ्या खोल्यांचा धर्म निराळा असतो. विजेच्या फलकाच्या खोलीत कार्बन डायॉक्साइडचे नळकांडे हवे, डिझेलच्या साठ्याजवळ फेसाचे, आणि कार्यालयात पुडीचे चालते. कार्बन डायॉक्साइडच्या नळकांड्यावर दाबाचा काटा नसतो, म्हणून ते वजन करून तपासावे लागते. वायूच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट आली असेल तर ते पुन्हा भरून घ्यावे. बंद खोलीत हा वायू माणसालाही घातक आहे, हेही तेथे काम करणाऱ्यास माहीत असावे.

इतर धंद्यांनाही हीच कसोटी लावता येते. खाणावळीच्या कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ते उसळून अंगावर येते; तेथे झाकण हा पहिला उपाय आणि ओल्या रसायनाचे नळकांडे हा दुसरा. गॅसची ज्वाला गॅस बंद केल्याखेरीज विझवू नये, कारण विझलेली पण गळती असलेली टाकी जळत्या टाकीपेक्षा धोकादायक असते. संगणकांच्या व दप्तराच्या खोलीसाठी पूर्वी हॅलॉन वायू वापरीत. ओझोनच्या थराला त्यापासून अपाय होतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. विकसनशील देशांना त्यासाठी २०१० ची अखेरची मुदत होती. आज त्याऐवजी अन्य स्वच्छ वायू मिळतात, परंतु दारे-खिडक्या घट्ट बंद होत नसतील तर वायू बाहेर निघून जातो आणि त्यावरचा खर्चही त्याच्याबरोबर जातो.

कायद्याची बाजूही पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा बसविण्याची व ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांच्यावर आहे. हे काम परवानाधारक अभिकरणाकडूनच करून घ्यावे लागते आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. जिनिंगच्या दृष्टीने यांतील जुलै महिना कारखाना बंद असतानाचा आहे आणि जानेवारी महिना ऐन हंगामातला. कायद्याची तपासणी त्या त्या वेळी व्हावीच. परंतु दसऱ्याला यंत्रांची पूजा होते त्याच्या आधी पंप चालवून, नळे ओढून, प्रत्येक तोटीतून पाणी काढून पाहण्याचा एक दिवस कारखान्याने स्वतःसाठी ठेवावा. त्या दिवशी रात्रपाळीचे मजूर, हमाल व चौकीदार यांच्या हाती नळा द्यावा. हंगामी मजूर दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागील वर्षी शिकविले होते ही सबब चालणार नाही.

पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना या सर्वांत करण्याजोगे बरेच आहे. कारखान्याच्या फाटकातून बंब आत जाऊ शकतो काय आणि वळू शकतो काय, रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा किती उंचीवर आहेत, गावच्या तळ्यावर वा विहिरीवर बंबाला पाणी भरता येईल असा कठडा व वाट आहे काय, या गोष्टी पंचायतीने एका फेरीत पाहून ठेवाव्यात. हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रात्रभर उभे असतात. एक बाजू मोकळी ठेवण्याचा ठराव करून तो पाळला जातो की नाही हे पाहणे पंचायतीच्या आवाक्यातले आहे. शाळा कारखान्याच्या शेजारी असेल तर मुलांना कोणत्या दिशेने बाहेर न्यावयाचे, हे वाऱ्याची दिशा पाहून शिक्षकांनी आधी ठरवावे. अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक सर्वांना पाठ असतो, पण तो फिरविल्यावर नेमका कोणता बंब, कोणत्या गावाहून येणार आहे आणि त्यास किती वेळ लागेल, हे कारखान्याच्या चौकीत लिहून लावलेले असावे.

आग विझली असे वाटल्यावर बंब परत जातो आणि लोक घरी जातात. ज्या ढिगाला वा थप्पीला आग लागली होती तिच्यातील प्रत्येक गाठ त्यानंतर इमारतीबाहेर, मोकळ्या जागी, एकमेकींपासून अंतर राखून ठेवावी, संशयास्पद गाठीच्या पट्ट्या तोडून ती उकलावी आणि भिजवावी. तेथे पाण्याने भरलेला नळा व जागता माणूस दिवसरात्र काही दिवस ठेवावा. विम्याची पाहणी व्हावयाची आहे म्हणून गाठी पुन्हा गुदामात हलविण्याची घाई करू नये. पाहणी मोकळ्या आवारातही होऊ शकते.